पिशवीचं दुखणं

ज्या माणसाचं मी सगळ्यात जास्त देणं लागतो ती माझी वहिनी, कौसल्या. दिंद्रुडजवळच्या आमच्या वाडीत तिला सगळे कौसाबाई म्हणतात. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. माझा थोरला भाऊ आण्णा आणि ती, दोघांनी दर हंगामाला ऊसतोडीला जाऊन मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज परळीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो, आणि मुलं मला सर म्हणतात तेव्हा अजूनही मागं वळून बघावंसं वाटतं की नेमकं कुणाला म्हणताहेत.

आजारपणावर लिही, तुझ्यासारख्या दुसऱ्यांना आधार होईल, असं दोघातिघांनी सुचवलं. म्हणून लिहितो आहे. पोटावर पिशवी घेऊन घराबाहेर कसं पडायचं, बाहेरच्या संडासात काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते यात येईल. पण मला जे लिहिल्यावाचून चैन पडत नाही ते वेगळं आहे. दुखणं माझं होतं आणि लोकांना ते वहिनीनं स्वतःचं म्हणून सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत राहिलो.

मूळव्याध समजून

संडासवाटे रक्त पडायला लागलं तेव्हा मी ते मूळव्याधीवर ढकललं. आमच्याकडे मूळव्याधीचं औषध देणारी माणसं गावोगाव आहेत. काढे झाले, चूर्ण झालं, तिखट बंद झालं. वजन उतरलं तरी मी शाळेच्या परीक्षांचं कारण सांगत राहिलो. शेवटी सुनीता, माझी बायको, हट्टानं लातूरला घेऊन गेली.

तपासणीचा कागद हातात घेऊन डॉक्टरांनी एका कोऱ्या पानावर आतड्याचं चित्र काढलं. तेच चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो. मी त्यांच्या पेनाकडं बघत होतो आणि मनात येत होतं की यांचं मोठं आतडं जरा वाकडं आलंय. मग त्यांनी खालच्या टोकाला फुली मारली. गाठ तिथं होती. तो भाग काढावा लागणार, शौचाची जागा बंद होणार, आणि पोटावर डावीकडं नवी वाट करून तिथं पिशवी चिकटवावी लागणार. सुनीतानं विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, कायमची.

वहिनी बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. हंगाम संपवून ती नुकतीच घरी परतली होती. उसाच्या पात्यांनी कापलेले हात अजून भरले नव्हते. तिनं विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, "पिशवी लावनार हायत."

तिनं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माझी काढली, आन् तुझी लावाया लागले?"

आणि हसली. लगेच पदर तोंडाला लावला. पण मलाही हसू आलं होतं, आणि आम्ही दोघं त्या बाकावर वेड्यासारखे हसलो. सुनीता भिंतीला टेकून रडत होती.

बीडबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे नुसतं पिशवी म्हटलं की अर्थ एकच, गर्भाची पिशवी. उसाच्या फडात बाईला पाळीचे दिवस फार कठीण जातात. पाणी नसतं, आडोसा नसतो, आणि एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापले जातात. म्हणून हंगामाला निघण्याआधी पिशवी काढून टाकलेल्या बाया आमच्या प्रत्येक वस्तीत भेटतील. वहिनीची काढली तेव्हा तिची तिशीही झाली नव्हती. घरात कुणी त्यावर दुसऱ्यांदा बोललं नाही. मी तर नाहीच.

खोकणारे आजोबा

ऑपरेशननंतर पोटावरची ती लालभडक जागा मी कित्येक दिवस बघितली नाही. नर्स पिशवी बदलायला आली की मी छताकडं बघायचो. शिकली सुनीता. कडेची कातडी कशी कोरडी करायची, भोक किती मापाचं कापायचं, पिशवी दाबून कशी बसवायची, सगळं.

या वाटेला आपला ताबा नसतो हे मला माहीत नव्हतं. वारा सरला की आवाज होतो, आणि तो कधी होईल ते सांगता येत नाही. शेजारच्या खाटेवर केजकडचे एक आजोबा होते. माझ्या पोटातून आवाज आला की ते जोरात खोकायचे. दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्यांना खोकला नव्हताच. एवढा मोठा उपकार करून ते एका सकाळी घरी निघून गेले. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

घरी जायच्या आदल्या दिवशी मी तिघांना, आण्णा, वहिनी आणि सुनीता यांना, जवळ बसवून शपथ घातली की हे बाहेर कुणालाही कळता कामा नये. पोटाचं ऑपरेशन झालं, एवढंच सांगायचं. शाळेतली पोरं काय नाव ठेवतील ते मला ऐकू येत होतं. आण्णानं मान हलवली. सुनीता म्हणाली, कुणी नाव ठेवलं तर ठेवू द्या. वहिनी म्हणाली, "न्हाई सांगत. माझ्या तोंडातून न्हाई जायचं."

तिनं ते पाळलं.

एक का दोन

पुढं औषधाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पावसाळाभर अधूनमधून लातूरला जावं लागे. सुनीताला अंगणवाडीचं काम आणि आमची लहान मुलगी, त्यामुळं सोबत वहिनी येऊ लागली. तोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला, तोवर मी मोकळीच आहे, असं ती म्हणायची. मोकळी म्हणजे शेळ्या, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी आणि घर, एवढंच.

बाहेरच्या संडासाशी माझी खरी ओळख या फेऱ्यांत झाली. दारात बसलेला माणूस विचारतो, एक का दोन. एक म्हणजे लघवी, दोन म्हणजे संडास. तासाभरात दुसऱ्यांदा "दोन" म्हणणाऱ्या माणसाकडं तो वर बघतो. आत खाली बसायचं भांडं असतं, खुंटी नसते, कडी असली तर लागत नाही. शर्टाचं टोक दातात धरायचं, एका हातानं पिशवी, दुसऱ्या हातानं तिच्या तोंडाची चिमटी. पाणी उडू नये म्हणून आधी भांड्यात कागद टाकायचा, हे मी दोन पँटी खराब झाल्यावर शिकलो. नळाला पाणी नसेल असं धरूनच चालायचं आणि बाटली जवळ ठेवायची. बाटली माझ्याकडं नसे. ती घेऊन वहिनी बाहेर उभी असे.

एकदा आत मला फार वेळ लागला आणि त्या माणसानं दार वाजवायला सुरुवात केली. आतमध्ये माणूस दारू पितो का काय करतो, असं त्याचं चाललं होतं. वहिनीचा आवाज आला, "आरं बाबा, आत काय घर बांधून ऱ्हानार हाय का त्यो? येतोय की. तुला घाई लागली असंल तर तू जा बायांच्यात." बाहेर दोघंतिघं हसले आणि दार वाजायचं थांबलं. मी आत शर्ट दातात धरून हसत होतो.

असे दिवसही होते. ते सांगितले नाहीत तर ते खोटं होईल.

बस थांबवली तो दिवस

एका फेरीनंतर परत येताना औषधामुळं पोट सैल झालं होतं. लातूर सोडताना पिशवी रिकामी केली होती, तरी अंबाजोगाईच्या अलीकडं ती भरून टम्म झाली. मी तळहातानं ती शर्टावरून धरून बसलो. मग कडेला ओल लागली. कड सुटली की पुढं काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. वास येऊ लागला. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून बघितलं आणि खिडकी उघडली.

मी वहिनीला काही बोललो नाही. ती उठली, दांड्याला धरत धरत ड्रायव्हरपर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा. माझं पिशवीचं दुखनं हाय. मला उतरू द्या."

कंडक्टरनं काही विचारलं नाही. आमच्या भागात बाईनं पिशवीचं दुखणं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. गाडीतल्या निम्म्या बायांना ते स्वतःच्या अंगावरून माहीत असतं. गाडी थांबली. एक बाई मदतीला उतरू लागली तर वहिनी म्हणाली, दीर हाय सोबत, तुमी बसा. आम्ही दोघं बाभळीच्या मागं गेलो. ती माझ्याकडं पाठ करून, दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली. मी पिशवी बदलली, धुतलं, पुसलं, जुनी पिशवी कागदात आणि मग दुसऱ्या कॅरीबॅगमध्ये घट्ट बांधली.

परत चढलो तेव्हा सगळी गाडी तिच्याकडं बघत होती. एका म्हातारीनं तिला आपली जागा दिली आणि कमरेच्या चंचीतून लिंबू काढून हातात ठेवलं. चोख म्हणाली, मळमळ कमी होईल. वहिनी मुकाट्यानं लिंबू चोखत बसली. मागं कुणीतरी कुजबुजलं की किती वाळलीय बिचारी. मी खिडकीबाहेर बघत होतो. वासही आता तिचाच ठरला होता.

परळीला उतरल्यावर मी म्हणालो, वैनी, असं कशाला सांगितलंस. ती म्हणाली, मग काय सांगायचं होतं. मी विचारलं, तुला खरंच दुखतं का कधी.

"दुखतंय की," ती म्हणाली. "कंबर तर रोजची हाय. पन त्याच्यासाठी कोन गाडी थांबवतंय?"

त्यानंतर तो आमचा रिवाज झाला. पेट्रोलपंपावर किल्ली मागायची असेल, ढाब्याच्या मालकाच्या घरातला संडास वापरायचा असेल, वहिनी पुढं होऊन तेच वाक्य बोलायची आणि मी तिच्यामागून आत शिरायचो. तिला थांब म्हणणं माझ्या हातात होतं. मी प्रत्येक वेळी पुढच्या वेळी म्हणेन असं ठरवलं.

कोयता मोडला

दसऱ्याच्या आधी मुकादम टोळी बांधतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. आमच्या वाडीची टोळी दिंद्रुडच्या लिंबाजी मुकादमाची. आण्णा आणि वहिनी वर्षानुवर्षं त्याच्याकडं. वहिनीच्या हाताला फार वेग आहे, मोळ्या बांधण्यात तिच्याबरोबर कुणी टिकत नाही, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

एका दुपारी आण्णा परळीला माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "लिंबाजीनं आर्धा कोयता धरलाय. माझा एकट्याचा."

मला आधी कळलंच नाही. आण्णानं सांगितलं. त्या दिवशीच्या बसमध्ये दिंद्रुडचं कुणी होतं. गोष्ट मुकादमापर्यंत गेली. वहिनीची पिशवी काढलेली आहे हे लिंबाजीला माहीतच होतं, कारण तेव्हाही ती त्याच्याच टोळीत होती. मग त्यानं हिशेब केला की काढलेल्या पिशवीचं दुखणं कसं असेल. म्हणजे आत दुसरंच काहीतरी आहे, मोठं आहे, आणि लातूरच्या चकराही चालू आहेत. अशी बाई फडात आडवी झाली तर टोळीचे खाडे पडणार. त्याच्या बाजूनं बघितलं तर त्यात काही चूक नव्हतं.

"तुझी वैनी गेलती त्याच्याकडं," आण्णा म्हणाला. "मला कायबी झालं न्हाई म्हनली. त्यो म्हनला, मग बसमंदी काय झालतं. तर गप उभी ऱ्हायली. शपथ घातलीस ना तू." मग म्हणाला, "तुझ्या पिशवीपायी माझा कोयता मोडला दत्ता. तुला बोलाया जीव व्हईना, पन मोडला."

वहिनी नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुलीचं, शैलाचं, शिक्षण स्वतःच्या तोडीवर करते आहे. मी रात्री तिला फोन केला आणि म्हणालो की या वर्षी जाऊच नकोस, पोरीचं मी बघतो. मग ती म्हणाली, "तुझं औषिद तू बघ. माझ्या पोरीचं मी बघते. आन् मी काय करू मग घरी, भिंतीकडं बघत बसू?" फोन ठेवला.

सुनीता तेव्हा मुलीला झोपवत होती. ती म्हणाली, "मी जाऊन सांगते मुकादमाला. मला नाही लाज वाटत." त्यात मला टोमणा वाटला. आता वाटतं की तो टोमणा नव्हता, ती खरंच निघाली असती.

दिंद्रुडला

ऑपरेशननंतर एकट्यानं केलेला हा माझा पहिला प्रवास. वाटेत काही होऊ नये म्हणून आदल्या रात्रीपासून मी काहीच खाल्लं नाही. ही चूक कुणी करू नये. रिकाम्या पोटात वारा जास्त धरतो. पिशवी फुगून शर्टाखाली उशीसारखी दिसायला लागली. थोडी भाकरी, थोडं दही खाऊन निघालं की पोट शांत राहतं, हे आता कळतं.

दिंद्रुडला उतरून एका पेट्रोलपंपावर गेलो. संडासाला कुलूप होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, किल्ली मालकाकडं, काय काम हाय. माझ्या पोटाला पिशवी आहे, हे वाक्य मी गाडीत वाटभर घोकत आलो होतो. तोंडातून निघालं, "जुलाब लागलेत." त्यानं किल्ली दिली. आत उभा राहून पिशवीतला वारा सोडताना मला वहिनीचं वाक्य आठवलं, आणि तिला ते पहिल्यांदा बोलताना काही जड गेलं असेल का, हे मी कधी विचारलं नव्हतं हेही.

लिंबाजी ओसरीवर बसला होता. टोळीतले चार-पाच जण होते, चहा चालला होता. मला बघून त्यांनी जागा केली. लिंबाजी म्हणाला, या गुरुजी, कौसाबाईचं कसं हाय आता.

मी म्हणालो, "वैनीला काही झालेलं न्हाई. दुखणं माझं हाय. पिशवी माझी हाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. महादू म्हणून आमच्याच वाडीतला एक जण आहे, तो म्हणाला, "गुरुजी वैनीसाठी बोलायलेत. पन बे, पिशवी बाप्याला असती का?"

हशा झाला. लिंबाजी म्हणाला, "आरं, इज्ञान शिकवतेत ते. त्यायला म्हाईत असंल."

मी शर्ट वर केला.

हसणं थांबलं. आणि नेमका त्याच वेळी पोटातून आवाज आला, चांगला लांब. महादू वाकून बघत म्हणाला, "ह्ये तर बोलतंय की बे." मग पुन्हा सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, मीही हसलो. कुणी विचारलं की दुखतं का, कुणी विचारलं की वास येत न्हाई का, का न्हाई येत. मी उत्तरं देत गेलो. एवढे महिने ज्याची धास्ती घेतली होती ते एक कप चहा संपायच्या आत होऊन गेलं.

लिंबाजी मात्र हसला नव्हता. तो म्हणाला, "म्हंजी बसमंदी कौसाबाईनं तुमच्यासाठी सांगितलं व्हय? सगळ्यांम्होरं?"

"हो."

"आन् तवा तुमी काय करत व्हता?"

त्यानं ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी शर्ट खाली केला आणि म्हणालो, बसलो होतो.

त्यानं मान हलवली. म्हणाला, आण्णाला सांगा, पुरा कोयता. मी उठता उठता म्हणालो की वैनीची कंबर दुखते, एखाद्या दिवशी नाही जमलं तर खाडा धरू नका. तो म्हणाला, "गुरुजी, खाडा मी न्हाई धरत. उसाची गाडी भरायची ऱ्हाती. कुनीतरी भरायाच लागती."

परतीच्या गाडीत मला हलकं वाटायला हवं होतं. ज्या कामानं तिची तब्येत घेतली त्याच कामावर मी तिला पुन्हा चढवून आलो होतो, आणि पुढं वाडीत सगळे म्हणायला लागले की दत्तानं भावजयीसाठी लई मोठं काम केलं.

वहिनी चार-आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, पोट उघडं करून दाखवायची काय गरज होती, आता गावभर तुझ्याच पोटाच्या गोष्टी चालल्यात. शपथ तुझी होती, तर मोडताना मला आधी विचारायचं तरी.

शाळेत कळलं. पोरांनी नाव ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही, पण बरं जमलंय.

आता निघताना

आता मी निघताना पाठीवर एक छोटी सॅक घेतो. त्यात दोन तयार कापलेल्या पिशव्या, पाण्याची बाटली, जुने मऊ कापडाचे तुकडे, वर्तमानपत्र, काळ्या कॅरीबॅग आणि एक जादा शर्ट असतो. पिशवी अर्ध्याहून कमी भरली असतानाच रिकामी करतो, भरायची वाट बघत नाही. गवार, कोबी, कच्चा कांदा आदल्या दिवशी नाही. मोठ्या दवाखान्याच्या तपासणी विभागातले संडास बसस्टँडपेक्षा सहसा बरे असतात आणि तिथं कुणी एक का दोन विचारत नाही. बसमध्ये पुढच्या दाराजवळ बसतो. वापरलेली पिशवी भांड्यात टाकायची नाही, नळी तुंबते आणि मागून येणाऱ्याचे हाल होतात.

आणि सांगायचं. ते सगळ्यात अवघड सामान आहे, अजूनही दर वेळी हाताला लागेलच असं नाही.

टोळी दिवाळीनंतर गेली. ती मंडळी आता कारखान्याजवळच्या रानात कोप्या घालून राहतात. कोपी म्हणजे बांबू आणि ताडपत्रीची झोपडी. फोन आहे, पण तो सगळ्यांमध्ये मोठ्या आवाजावर लावून बोलायची रीत आहे. एका कोपीतलं बोलणं ओळीनं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून टोळीचं धान्य घेऊन जाणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर मी वहिनीला पत्र पाठवलं. ती चौथी शिकली आहे, सावकाश वाचते. म्हणून अक्षर मोठं काढलं. ते असं:

ती. वहिनीस,

दत्ताचा नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. सुनीता त्यांना बघायला वाडीला जाऊन आली.

परवा लातूरला एकटाच जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आता लवकर यायची गरज नाही. येताना पुन्हा तसंच झालं, अंबाजोगाईच्या पुढं. मी उठलो आणि ड्रायव्हरजवळ जाऊन मोठ्यानं म्हणालो की माझ्या पोटाला पिशवी आहे, गाडी थांबवा. एक बाई म्हणाली, बाप्याला बी असती का. मी म्हणालो, असते. गाडी थांबली. एका म्हाताऱ्यानं आपलं धोतराचं पान आडवं धरलं. पुन्हा चढलो तर सगळे माझ्याकडं बघत होते. परळी येईपर्यंत बघत होते. मान कुठं वळवावी कळत नव्हतं. तू हे पावसाळाभर सोसलंस आणि मी तुझ्या शेजारी बसून बाहेरची झाडं बघितली. माफ कर म्हणून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. मला माहीत होतं, एवढं फक्त तुला कळू दे. मला तेव्हा कळत नव्हतं असं तू मनात धरलं असशील तर ते खरं नाही. कळत होतं.

गावात म्हणतात की मी तुझा कोयता परत मिळवला. ते ऐकलं की मी तिथून उठतो. तू जायचं ठरवलंस, तो तुझा निर्णय, त्यात मी बोलणार नाही. शैलाच्या फीबद्दलही पुन्हा बोलणार नाही.

पण एक ऐक. कंबर दुखते तेव्हा तू कुणाला सांगत नाहीस, कारण त्यासाठी गाडी थांबत नाही असं तू म्हणतेस. आण्णाशी मी याबद्दल बोललो आहे. तू थांबते म्हणालीस की तो मोळी उचलेल, आणि त्या दिवशीचा खाडा तुमच्या दोघांचा धरायचा, तुझ्या एकटीचा नाही. तो हो म्हणाला आहे. नाही पाळलं तर मला कळव, मी येईन. आता मला एवढ्या लांब येता येतं.

पत्र मिळालं की फोनवर यातलं काही बोलू नकोस, सगळे ऐकतात. मी विचारीन, कंबर कशी आहे. तेव्हा सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, जे खरं असेल ते सांग.

तुझा,
दत्ता